चिंचोक्याएवढा कोळसा

शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये लेथच्या मागच्या फळीवर तेलाचे सात रिकामे डबे आहेत. प्रत्येकावर खडूनं नाव लिहिलंय: बाभूळ, लोणारी, चांदा, कोक, कांडी, करवंटी आणि सातव्यावर मिसळ. गिऱ्हाईक येतं, जॉब टेबलावर टेकवतं आणि विचारतं, "हे काय ओ, कोळशाचं दुकान काढताय काय?" मग मी त्याला कोपऱ्यात नेतो, गोणपाट बाजूला सारतो आणि इंजिन दाखवतो. पाच इंची गेज, चार चाकं, दोन सिलिंडर, तांब्याचा बॉयलर, वजन पंचेचाळीस किलो. मागं ट्रॉली जोडली की चार माणसं ओढतं. हे इंजिन करायला मला साडेचार वर्षं लागली. त्याला खायला काय घालायचं हे कळायला पुढची दोन.

इंजिनाची ओढ घरातूनच आली. आज्जा मिरजेच्या लोको शेडला फायरमन होता, कोल्हापूर–मिरज मीटरगेजवर. ती लाइन कोल्हापूर संस्थानची. १८८८ साली तिची पायाभरणी झाली ती शाहू महाराजांच्या हस्ते. महाराज तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे होते, गादीवर बसायला अजून सहा वर्षं होती. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. १९७१ मध्ये ब्रॉडगेज आलं आणि आज्जाचे रूळ उखडले गेले. मी त्या वेळी पाच वर्षांचा. मला आठवतो तो त्याचा उजवा तळहात. बेलच्याच्या दांड्यानं त्यावर पडलेला घट्टा नोकरी सुटल्यावर वीस वर्षांनीही गेला नव्हता. तो कोळशाविषयी कधी बोलला असेल तर मी ऐकलं नाही, आणि पुढं विचारायचं सुचलं तेव्हा तो नव्हता.

इंजिनाचे भाग करणं उद्यमनगरातल्या माणसाला फार अवघड नाही. पॅटर्न करणारा, दात पाडणारा, हार्डनिंगवाला, सगळे हाकेच्या अंतरावर. चाकं आणि सिलिंडर शिरोलीच्या एका फाऊंड्रीत ओतून घेतले. बॉयलरचे तांब्याचे पत्रे मात्र चांदीचा डाग देऊन जोडायचे होते. ते मी हुपरीला जाऊन शिकलो. तिथल्या पैंजण करणाऱ्या कारागिरांना थर्मामीटर लागत नाही. तांब्याचा रंग बघून ते सांगतात, आता डाग पळंल. बॉयलर चालवायचा ऐंशी पौंडांवर, म्हणून आधी थंड पाणी भरून हातपंपानं एकशे साठ पौंडांपर्यंत दाबला आणि अर्धा तास काट्याकडे बघत बसलो. पंचवीस लिटरपेक्षा लहान बॉयलर आपल्याकडच्या बॉयलर कायद्याच्या कक्षेत येत नाही. माझ्यात साडेतीन लिटर पाणी मावतं. तपासायला कुणी इन्स्पेक्टर येणार नाही, म्हणून ती तपासणी मी दरवर्षी स्वतः करतो आणि वहीत तारीख घालतो.

जळणाचा विचार मात्र मी केलाच नव्हता. आमच्या घरी तांब्याचा बंब आहे, आईच्या लग्नातला. मधून धुराची नळी, भोवती पाणी, खाली जाळी आणि जाळीखाली राख. दाब नाही एवढंच. बाकी बंब म्हणजे उभा बॉयलरच. त्यात बाभळीच्या ढलप्या घातल्या की वीस मिनिटांत पाणी सळसळतं. जे बंबात जळतं ते इंजिनात जळेल, असं मी धरून चाललो.

पहिल्यांदा वाफ धरली ती बाभळीवर. धुराड्यावर छोटा विजेचा पंखा बसवून ओढ दिली, रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिपट्या पेटवल्या, वर बोटाएवढे तुकडे. काटा चाळीसवर चढला, पंचेचाळीसवर आला आणि तिथून उतरायला लागला. आगीचं दार उघडून बघतो तर पेटी ज्वाळेनं भरलेली, आणि धुराड्यातून मात्र नुसता पिवळट धूर. गार झाल्यावर धूरपेटीचं झाकण काढलं. बॉयलरमधून आरपार जाणाऱ्या तीन सुती नऊ नळ्यांपैकी सहा नळ्या डांबरासारख्या चिकट काळ्या लेपानं बुजल्या होत्या.

कारण समजायला मला बरेच दिवस लागले. ऐंशी पौंडांवर पाणी १६२ अंशांना उकळतं. आपल्या हाताला ती आग वाटते, पण हजार अंशांच्या ज्वाळेच्या दृष्टीनं तो पत्रा बर्फासारखा गार आहे. ज्वाळा त्याला टेकली की विझते आणि तिच्यातला न जळलेला धूर काजळी होऊन पुढं नळीत बसतो. आज्जाच्या इंजिनाच्या पेटीत माणूस वाकून उतरू शकायचा. ज्वाळेला पसरायला, वाऱ्यात मिसळून पुरतं जळायला जागा होती. माझी पेटी चार इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद. सगळं इंजिन प्रमाणात लहान करता येतं, ज्वाळा लहान करता येत नाही. बंबाचं निभतं, कारण त्याची मधली नळी मनगटाहून जाड असते आणि ती काजळीनं सहसा बुजत नाही.

मग दगडी कोळसा. एका वीटभट्टीवाल्याकडून अर्धं पोतं आणलं. माल चंद्रपूरकडचा, म्हणून डब्यावर चांदा. शिरोलीच्या त्याच फाऊंड्रीत प्रयोगशाळा आहे. तिथल्या मुलाला गळ घातली आणि भारतीय मानक १३५० प्रमाणे ८१५ अंशांच्या भट्टीत नमुना जाळून राख मोजली. शंभर ग्रॅमला २९ ग्रॅम. ओलावा सात. आपल्याकडे २०११ अखेरपर्यंत कोळशाची प्रत ठरायची ती यावरच: राख आणि ओलावा यांच्या टक्क्यांची बेरीज करायची, तिला १३८ नं गुणायचं आणि ८९०० मधून वजा करायचं. माझा हिशेब ३९३२ आला. म्हणजे ई प्रत. पुढं २०१२ पासून उष्मांकावर आधारलेल्या सतरा प्रती आल्या, पण माझ्यासारख्याला तो जुना हिशेबच जास्त बोलका वाटतो; त्यात राख समोर दिसते.

ही राख काही खाणवाल्यांनी मिसळलेली नसते. गोंडवनातला कोळसा तयार झाला तो वाहत्या पाण्यानं आणलेल्या झाडझाडोऱ्यापासून, आणि त्याच पाण्यानं आणलेला गाळ त्याच्या कणाकणांत मुरला. म्हणून तो नुसता धुऊन साफ होत नाही. वीटभट्टीला चालतं, कारण तिथं राख विटांच्या फटींतून खाली पडते. माझ्या पेटीत पंधरा मिनिटांत जाळीवर राखेचा थर साचला, उष्णतेनं तो पाघळला आणि गार होताना एकसंध खंगर झाला. वीटभट्टीत जास्त भाजून एकमेकींना चिकटलेल्या विटांना आपण खंगर म्हणतो ना, तसाच, फक्त बशीएवढा. खालून वारा बंद, वर आग मेली. पोकरनं तो फोडताना जाळीची एक सळी निखळली. काजळी होतीच.

कोकचा डबा मी मोठ्या आशेनं भरला होता. कोल्हापूरची फाऊंड्री कोकवर वाढली. क्युपोलात लोखंड पाणी होतं ते कोकवरच. धूर नाही, डांबर नाही. जे उडून जाणार ते कोक करतानाच उडून गेलेलं. मुठीएवढे तुकडे हातोडीनं फोडून सुपारीएवढे केले. पेटायलाच पाऊण तास गेला. पेटला, पण ओढ कमी केली की काळा पडायचा. क्युपोलात कोकचा थर माणसाच्या छातीइतका आणि खालून ब्लोअरचा वारा. इतक्या उंच थरात एक तुकडा दुसऱ्याला तापवत राहतो. माझ्या दोन इंची थरात त्यांना एकमेकांची ऊबच मिळत नव्हती. चिडून मी ओढ पूर्ण उघडली. पेटी पांढरीफेक झाली, काटा पळत सत्तरीवर गेला, मला वाटलं जमलं. संध्याकाळी राख काढताना बघितलं तर जाळीच्या मधल्या चार सळ्या खाली झुकल्या होत्या. कोकला ज्वाळा नसते. त्याची सगळी उष्णता जिथं तो बसलाय तिथंच राहते, आणि तो बसला होता माझ्या साध्या लोखंडाच्या जाळीवर. पुढची जाळी मी स्टेनलेसची केली. कोकचा डबा तेव्हापासून तसाच भरलेला आहे.

लोणारी कोळशानं मला पहिल्यांदा ऐंशी पौंड दाखवले. लोणारी म्हणजे लाकडाचा, भट्टी लावून केलेला कोळसा. सोनार, लोहार, इस्त्रीवाले वापरतात तो. राख तीन-चार टक्के, धूर जवळजवळ नाही, पटकन पेटतो. मी आनंदानं इंजिन टेम्पोत घातलं आणि वडणग्याला मामाच्या शेतावर नेलं. तिथं गुऱ्हाळाशेजारी मी आणि मामेभावानं पट्टी वेल्ड करून साठ मीटरचा लंबगोल रूळ टाकला होता. महिना जानेवारीचा, गुऱ्हाळ जोरात. अंगणभर चिपाडं वाळत घातलेली.

इंजिन निघालं. ट्रॉलीवर मामेभावाची दोन मुलं. वाफ सिलिंडरमधून सुटून धुराड्याखालच्या ब्लास्ट पाइपातून वर फेकली जाते आणि तीच आगीला ओढ देते. इंजिन जितकं जोर करतं तितकी आग फुलते. ही या यंत्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. पण लोणारी कोळसा वजनाला हलका. ओढ वाढली तशी जळते कण जाळीवरून उठून, नळ्यांतून, धुराड्यातून बाहेर पडायला लागले. मुलांना ते भुईनळ्यासारखं वाटलं, ती ओरडत होती. तिसऱ्या फेरीला कुणीतरी "जाळ, जाळ!" म्हणून किंचाळलं ते वेगळ्या आवाजात. वाळलेल्या चिपाडांनी पेट घेतला होता. मी मुलांना ट्रॉलीवरून खाली ओढलं. गुऱ्हाळावरच्या माणसांनी ओली गोणपाटं आपटून पाच मिनिटांत आग विझवली, दोन बादल्या रस सांडला, बैलगाडीभर चिपाड गेलं. शेजारीच उसाचा फड होता. वारा उलटा असता तर काय झालं असतं, हा विचार मला रात्रभर झोपू देईना. आजही धूरपेटीत तारेची बारीक जाळी बसवल्याशिवाय मी काडी ओढत नाही.

त्या दिवशी मामा एक शब्द बोलला नाही. बोलले ते चुलवाणावरचे तात्या. गुऱ्हाळात गुळव्याचं नाव होतं, पण काहिलीखालचा जाळ सांभाळणारा चुलवाण्या चुकला तर गूळ लागतो. तात्या पस्तीस हंगाम चुलवाणाच्या तोंडाशी बसलेले. ते इंजिनाजवळ आले, उकिडवे बसले आणि आगीचं दार उघडायला लावून आत बघितलं.

"किती घालतोस एका टायमाला?"

"पेटी भरून घालतो, तात्या. मग पाच मिनिटं बघावं लागत नाही."

"हितंच चुकतंय. जाळ उपाशीबी नको आन् तुडुंबबी नको. मूठभर घालायचं, जाळ खालनं वर आला की आनी मूठभर. धुराड्याकडं बघत ऱ्हायाचं. काळा धूर आला तर वारा कमी पडतोय. काहीच दिसंना तर वारा जादा झालाय, उष्णता वर चाललीय. नजरंला जेमतेम भुरका दिसला पायजे."

कोल्हापुरात एखाद्याचं कौतुक करताना "जाळ आणि धूर संगटच" म्हणायची रीत आहे. तात्यांनी पस्तीस वर्षं जे केलं ते या दोघांना वेगळं ठेवायचं काम होतं. मी त्या हंगामात चार रविवार त्यांच्याशेजारी बसून चिपाडं घातली. हातात फिरवून, वाळलेलं आणि अर्धओलं ओळखून, चुलवाणाच्या तोंडात न कोंबता आत भिरकावायचं. आज्जाचा तळहात मला त्या वेळी फार आठवला. पुढं इंजिनाच्या जुन्या पुस्तकांत हाच नियम वाचायला मिळाला: थोडं थोडं, पण सारखं.

ती पुस्तकं मी पुण्यातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून जमवली होती. इंग्लंडात 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक १८९८ साली सुरू झालं. एल.बी.एस.सी. एवढ्याच आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या एका कारागिराचे त्यातले लेख मी पुन्हा पुन्हा वाचले. शंभर वर्षांपूर्वी छोटी इंजिनं बहुधा स्पिरिटच्या दिव्यावर चालायची. एवढ्याशा पेटीत कोळसा टिकणारच नाही असं मोठमोठ्या जाणकारांचं मत होतं. या माणसानं अडीच इंची गेजवरच्या आपल्या 'आयेशा' नावाच्या इंजिनात कोळसा पेटवून मागं जिती माणसं ओढून दाखवली. माझ्या गेजच्या निम्मं गेज! म्हणजे पेटी लहान आहे ही माझी तक्रार खरी नव्हती.

पण त्याचा कोळसा वेल्सचा होता. पुस्तकागणिक तेच: चांगला वेल्श स्टीम कोल घ्यावा. राख चार-पाच टक्के, धूर थोडका, उष्णता भरपूर. माझ्या हाताशी तो कधीच येणार नव्हता आणि मला त्याचं वाईट वाटायचं. मग २०२३ च्या शेवटी बातमी वाचली. वेल्समधल्या मर्थर टिडफिलजवळची फॉस-य-फ्रान ही खाण ३० नोव्हेंबरला बंद झाली. हेच ते मर्थर, जिथून १८०४ साली ट्रेव्हिथिकचं इंजिन लोखंड लादलेल्या वाघिणी रुळांवरून ओढत निघालं होतं; वाफेच्या इंजिनानं रुळावर माल ओढायची ती जगातली सुरुवात. आता तिथलेही हौशी लोक दुसरं जळण शोधतायत, ऑलिव्हच्या बियांचा अंश घातलेल्या कोळशाच्या वड्या जाळून बघतायत. ज्या देशानं ही विद्या दिली, त्याच देशातल्या तिच्या कारागिरांवर माझ्यासारखीच पाळी आली होती. मला त्या अनोळखी माणसांविषयी एकदम जवळीक वाटली. त्यांच्याकडे ऑलिव्हच्या बिया, तर आमच्याकडे काय?

कांडी कोळसा वापरून बघितला. आमच्या भागातल्या कारखान्यांच्या बॉयलरना भुसा आणि चिपाड दाबून केलेल्या त्या कांड्या जातात. मोठ्या पेटीत छान. फोडून लहान केल्या की त्यांचा पुन्हा भुसाच होतो. एका संध्याकाळीत तो डबा निकालात निघाला.

करवंटी सुचवली ती बायकोनं. तिचं माहेर सावंतवाडीकडचं. तिचा भाऊ रिकाम्या पिंपात करवंट्या पेटवून, वर झाकण मातीनं लिंपून कोळसा करतो. तीन किलो करवंट्यांचा किलोभरही होत नाही, पण जो होतो तो पाहण्यासारखा. हातात घेतला की जड, फरशीवर टाकला की काचेसारखा खणकतो, मोडला तर आतली कड चकाकते. राख मोजली, दोन ग्रॅमच्या जरा वर. लोणारीसारखा स्वच्छ, आणि वजनदार असल्यानं वाऱ्यानं उडत नाही.

तरी पहिल्या दिवशी तोही चालेना. करवंटी वाकडी. तिचे तुकडे एकावर एक बशांसारखे बसतात आणि वाऱ्याची वाट बंद करतात. त्याच सुमारास हुपरीला काही कामानं गेलो होतो. माझ्या त्या वस्तादांच्या भट्टीशेजारी कोळशाच्या तीन पाट्या दिसल्या, तीन मापांच्या. मी इतक्या वेळा तिथं बसलो होतो, पण त्या पाट्यांकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. ते म्हणाले, "मूस लहान तर कोळसा लहान. पर भुकटी एक कण चालायची न्हाई. भुकटी वाऱ्याची वाट अडवती." घरी येऊन दोन चाळण्या केल्या. वरचीतून चिंचोका पडेल, खालचीत चिंचोका राहील. त्या दोहोंमध्ये जे सापडतं तेवढंच घ्यायचं. चिंचोक्याच्या मापाला आला की करवंटीचा तुकडा वाकडा राहत नाही, आणि माझ्या दोन इंची थरात असे चार-पाच तुकडे एकावर एक मावतात. वारा सगळीकडून फिरतो. जळण कोणतं यावर मी वर्ष घालवलं होतं. माप चुकलेलं असताना त्यातल्या कशाचीच खरी परीक्षा झाली नव्हती.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जुलैत पाऊस धो धो लागला होता. करवंटीचा कोळसा दमटला म्हणून तव्यावर वाळवून घेतला आणि शेडचं शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढून आत इंजिन पेटवलं. धूर नव्हताच, मग हरकत काय असं वाटलं. अर्ध्या तासानं कपाळ ठणकायला लागलं, काट्यावरचे आकडे हलताना दिसले, आणि मला उठावंसंच वाटेना. बायको जेवायला बोलवायला आली नसती तर हे लिहायला मी नसतो. तिनं शटर वर ढकललं आणि मला पावसात ओढून नेलं. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. धूर नसलेला कोळसाच माणसाला फसवतो. तेव्हापासून इंजिन पेटतं ते उघड्या आभाळाखाली. पाऊस असेल तर पेटत नाही.

करवंटीवर इंजिन एकटं सुरेख धावायचं. ट्रॉलीवर चार माणसं बसली की दुसऱ्या फेरीला काटा साठावर यायचा. निखारा होता, ज्वाळा नव्हती; नळ्यांपर्यंत पोचायला थोडी ज्वाळा लागते. म्हणजे ज्या दगडी कोळशाला मी फळीवर मागं ढकललं होतं, त्याचीच थोडी गरज होती. पण त्याची राख?

हा गुंता मी जेवताना बोलून दाखवत होतो. आई ऐकत होती. ती ७८ वर्षांची आहे, गुडघे धरलेत, नजर शाबूत. म्हणाली, "आण बघू तो तुझा कोळसा. आन् सूप आण."

१९६३ साली ती लग्न होऊन मिरजेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आली. शेडच्या मागं इंजिनांची राख ओढून टाकायचे. तिच्यात अर्धवट जळलेले कोळसे असायचे आणि क्वार्टरमधल्या बायका पहाटे ते वेचायला जायच्या. घरची शेगडी त्यावर चालायची. हे तिनं मला आयुष्यात पहिल्यांदा त्या रात्री सांगितलं. सूप मांडीवर घेऊन तिनं चांद्याचा कोळसा तांदूळ निवडावेत तसा निवडायला घेतला. चकाकणारे, काळेभोर, हाताला हलके तुकडे एका बाजूला. करडे, मंद, जड तुकडे दुसऱ्या बाजूला. "ह्यो जळंल. ह्यो दगड हाय, नुसता तापंल." मी एक तुकडा उचलून विचारलं, ह्याचं काय? तिनं तो दातावर वाजवल्यासारखा नखानं टिचकी मारून ऐकला आणि दगडात टाकला.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही ढिगांतले नमुने प्रयोगशाळेत दिले. जळणाऱ्या ढिगाची राख तेरा ग्रॅम आली, दगडांची चव्वेचाळीस. कोळशाच्या खडपात चकचकीत पट्टे आणि मंद पट्टे एकाआड एक असतात, आणि गाळ जास्त असतो तो मंद पट्ट्यांत. भूशास्त्राच्या पुस्तकात हे आहे. आईनं ते पुस्तक पाहिलेलं नाही. तिनं थंडीत, अंधारात, गरम राखेत हात घालून ते शिकून घेतलं होतं, आणि साठ वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मग आमच्या घरी रोज रात्री कोळसा निवडायची बैठक बसू लागली. बायको करवंटी फोडायची, मी चाळायचो, आई निवडायची. निवडताना ती क्वार्टरमधल्या गोष्टी सांगायची: नॅरोगेज, मीटरगेज आणि पुढं ब्रॉडगेज अशा तिन्ही गाड्यांच्या शिट्ट्या ती पडल्या पडल्या कशा ओळखायची, आज्जा ड्यूटीवरून आला की आधी बंबाचं पाणी लागायचं, त्याच्या बनियनला भोकं कशी पडायची. चाळून उरलेली भुकटी तिनं वाया जाऊ दिली नाही. शेण घालून गोळे थापले, वाळवले, आणि ते आमच्या बंबात जळतात.

प्रमाण ठरायला आणखी सहा रविवार लागले. निम्म्यास निम्मं केलं तर काजळी. आठास एक केला तर ज्वाळा अपुरी. आता तीन भाग करवंटी आणि एक भाग निवडलेला चांदा, दोन्ही चिंचोक्याएवढे, असं मिसळच्या डब्यात असतं. पेटवायला लोणारी, कारण पटकन धरतो. ओढ धरली की करवंटी, आणि माणसं बसणार असली तरच मिसळ. तासाला किलो-सव्वा किलो लागतं. थर दीड ते दोन इंच. दर फेरीला छोटा बेलचा दोनदा. नळ्या दोन तासांनी ब्रशनं साफ केल्या की काळ्या भुकटीऐवजी राखाडी धूळ निघते.

या डिसेंबरात गुऱ्हाळ सुरू झाल्यावर आईला वडणग्याला नेलं. ट्रॉलीवर पाटाला उशी बांधली, तात्यांनी तिला हात देऊन बसवलं. पुढं मी, मागं ती, तिच्या पुढ्यात मामेभावाची धाकटी. पहिल्या दोन फेऱ्या मी काट्यावरून नजर काढली नाही. ऐंशी. वळणावर अठ्ठ्याहत्तर, सरळ आलो की पुन्हा ऐंशी. चौथ्या फेरीला सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला, पांढरी वाफ फसफसत वर गेली. धुराड्यावर नजर टाकली. निळ्या आभाळापुढं जेमतेम दिसेल एवढा भुरका. चुलवाणाजवळ उभ्या तात्यांनी मला हातानं खूण केली, असंच ठेव.

अकराव्या फेरीला आईच म्हणाली, पुरे, कंबर धरली. इंजिन थांबवलं. आग खाली पाडायला जाळी सोडली. राखेत एकच खंगर निघाला, बडीशेपेच्या डबीच्या झाकणाएवढा. काडीनं ओढून मी तो बाजूला केला. आई ट्रॉलीवरून वाकून बघत होती. गार झाल्यावर तिनं तो उचलून उन्हात धरला, उलटसुलट केला.

"माझ्या नजरंतनं एक दगड निसटला बघ," म्हणाली. "आज रातच्याला दिवा जरा जवळ लाव."